बरे झालेल्या माणसाचे काय?

मध्य रेल्वेच्या मार्गावर मुलुंड हे मुंबईच्या हद्दीतील शेवटचे स्थानक; त्यानंतर ठाणे. पण मुंबईच्या बोलीत ‘ठाणे’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. कोणी विचित्र वागला, एकटाच पुटपुटू लागला, की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणून मंडळी हसतात. पुण्यात हाच विनोद येरवड्याच्या नावाने चालतो. १९०१ साली ठाण्याला मनोरुग्णालय सुरू झाले, त्याची ही भाषेतील खूण. या वाक्प्रचारात जाण्याचा उल्लेख आहे, परत येण्याचा नाही. जो तिकडे गेला तो परत येईल, कामाला लागेल, संसार करील, ही शक्यता भाषेनेच गृहीत धरलेली नाही.

वास्तविक माणसे परत येतात. शिवाय ज्यांना मनोविकार होतो त्यांपैकी बहुसंख्य माणसे रुग्णालयाच्या आवारात कधी पाऊलही टाकीत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा की, हा प्रश्न ठाण्याच्या भिंतीआडचा नाही. तो घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीतला, अंधेरीच्या कारखान्यातला आणि बोरिवलीच्या गृहनिर्माण सोसायटीतला आहे. त्यातही ज्या भागाकडे डॉक्टरांचे, सरकारचे आणि चळवळींचे सारखेच दुर्लक्ष झाले आहे, तो म्हणजे बरे झाल्यानंतरचा भाग.

या बाबतीत मुंबईतच घडलेले एक प्रकरण आठवण्यासारखे आहे. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाला १९८१ मध्ये रस्त्यावरील अपघातात डोक्याला इजा झाली आणि त्यातून पुढे मानसिक आजार जडला. घरखर्चाला हातभार लागावा म्हणून भाजीविक्रीच्या परवान्याची खटपट चालली होती. त्यासाठी १९८५ मध्ये तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. तेथे दाद लागली नाही, तेव्हा त्याने कार्यालयाबाहेरच जीव देण्याचा प्रयत्न केला. शासनयंत्रणेने त्याला काय दिले? भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली आत्महत्येच्या प्रयत्नाचा खटला. या खटल्याला त्याने आव्हान दिले आणि १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले.

पुढचा इतिहास वकिलांना ठाऊक आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये घटनापीठाने ती फिरविली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून जुने कलम गळाले. मात्र लोकसेवकाला एखादे कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून परावृत्त करण्यासाठी असा प्रयत्न करणे हा गुन्हा म्हणून शिल्लक राहिला. म्हणजे आयुक्तांच्या दारात हताश झालेला तो शिपाई आज असता, तर नव्या कायद्यातही त्याच्यावर खटला भरण्यास वाव राहिलाच असता.

परंतु कायद्याच्या या वाटचालीत मूळ मागणी बाजूलाच पडली. त्या माणसाला घटनेचे एकविसावे कलम नको होते. भाजी विकण्याचा परवाना हवा होता. आजारानंतर आपले कुटुंब पुन्हा पायावर उभे राहावे, एवढीच त्याची धडपड होती. दंड करणे थांबविण्यास राज्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. परवाना देण्याचे कर्तव्य त्याने अजून मान्यच केलेले नाही.

मनोविकारातून उठलेल्या माणसाला नेमके काय लागते? औषध लागते, यात वाद नाही. पण औषधाने झोप येते, भास शमतात, मन ठिकाणावर येते. तेथे औषधाचे काम संपते. त्यानंतर त्याला काम हवे, डोक्यावर छप्पर हवे आणि सोबत हवी. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन निदान मागता तरी येतात. तिसरीचा उच्चार करण्यासही आपला समाज कचरतो. आजारी होऊन गेलेल्या तरुणाने प्रेम करावे, एखाद्या स्त्रीने पुन्हा संसाराची इच्छा धरावी, हे आपल्याला एकतर धोक्याचे वाटते किंवा हास्यास्पद. आणि जेव्हा समाज त्यांचे लग्न लावून देतो, तेव्हा तो बहुधा चुकीच्या कारणासाठी लावून देतो.

‘एकदा दोनाचे चार हात झाले की आपोआप ताळ्यावर येईल’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. लग्न हे औषध समजायचे, आणि औषध चालू असल्याचे मात्र दुसऱ्या पक्षापासून लपवायचे, असा हा दुहेरी व्यवहार. त्याचे परिणाम मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत सारखे होत नाहीत. आजारी मुलाच्या घरी आलेली सून बहुधा निमूटपणे त्याची परिचारिका होते. आजारी मुलगी सासरी गेली की तिला गोळ्या लपवून घ्याव्या लागतात. एका खोलीच्या संसारात काय लपणार? मग गोळ्या बंद होतात. काही महिन्यांत आजार उलटतो, आणि ‘आमची फसवणूक झाली’ असे म्हणून तिला माहेरी आणून सोडतात. तेथे तोवर भावाचे लग्न झालेले असते आणि तिची जागा भरून गेलेली असते.

हे चित्र कल्पनेतले नाही. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेतील डॉ. आर. थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या आणि संसार मोडलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष आपणा सर्वांना विचार करावयास लावणारा आहे: आजाराच्या कलंकापेक्षा नवऱ्याने टाकल्याचा कलंक या स्त्रियांना आणि त्यांच्या घरच्यांना पुष्कळदा अधिक झोंबत होता. रोगाने जेवढे हिरावले त्याहून अधिक समाजाने हिरावले, असाच याचा अर्थ.

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडाचे झटके वारंवार येणे हा विवाहातील अडथळा मानला आहे, आणि असाध्य किंवा विशिष्ट तीव्रतेचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण. त्याच कायद्यात अपस्माराचाही अडथळा म्हणून उल्लेख होता. तो १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला. फिट्‌स येणारा माणूस संसार करू शकतो, हे मान्य करण्यास आपल्या संसदेला एवढा काळ लागला. मनोविकाराच्या बाबतीत संसदेपेक्षा न्यायालये पुढे गेली आहेत. केवळ ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दाखवून घटस्फोट मागता येणार नाही, आजाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले. २०१३ मध्ये, पती-पत्नी दोघेही डॉक्टर असलेल्या एका प्रकरणात, पत्नीच्या आजाराचे कारण देऊन पतीने मागितलेला घटस्फोट त्याच न्यायालयाने नाकारला. २०१७ चा कायदा तर स्पष्टच म्हणतो की, पूर्वी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरविता येणार नाही. अपंग व्यक्तींना विवाहाचा आणि कुटुंबाचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा भारताने २००७ मध्येच मान्य केला आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. आजारी माणसाच्या हक्काविषयी बोलताना जोडीदाराच्या हक्काचे काय? त्याने, आणि बहुतेक वेळा तिने, जन्मभर शुश्रूषा करीत बसावे काय? हा प्रश्न रास्त आहे. लग्नापूर्वी खरे काय ते कळणे हा जोडीदाराचा हक्क आहे. तो हिरावून घेणारे पालक आपल्या अपत्याचेही भले करीत नाहीत. आणि सारे कळूनही ज्याला पुढे जमत नाही त्याला निघून जाण्याचा हक्क आहे. पण निघून जाणाऱ्याने पोटगी, मुलांची भेट आणि माणुसकी यांचे देणे चुकते केले पाहिजे. ठाण्याच्या मनोरुग्णालयात पतीने दाखल केलेली एक स्त्री बरी झाल्यावरही सुमारे बारा वर्षे तेथेच राहिली, हे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मुलुंडपासून एका स्थानकाच्या अंतरावर एक बरे झालेले माणूस बारा वर्षे खितपत पडते, कारण त्याला न्यायला कोणी येत नाही! अशी शेकडो माणसे राज्याच्या चार मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिली आहेत, आणि यासाठी नेमलेल्या राज्य प्राधिकरणाच्या निष्क्रियतेवर न्यायालयाला बोट ठेवावे लागले.

सरकारने यावर काढलेला तोडगा तर लाजिरवाणा होता. बऱ्या झालेल्या लोकांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हा प्रकार ताबडतोब थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. कागदावर ‘पुनर्वसन’ झाले; प्रत्यक्षात एका कोंडवाड्यातून दुसऱ्या कोंडवाड्यात बदली झाली.

आपल्याकडे कुटुंबाचा फार गौरव केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला. आग्रा हे त्यातील भारतीय केंद्र. श्रीमंत देशांपेक्षा भारतासारख्या देशांतील रुग्ण अधिक चांगले सावरले, असे त्यातून दिसले. तेव्हापासून ‘आमची कुटुंबसंस्था हेच आमचे औषध’ असे अभिमानाने सांगितले जाते. यात तथ्य असेलही. पण कुटुंब म्हणजे कोण? रात्री जागणारी आई, नोकरी सोडणारी बहीण, मुकाट्याने राबणारी पत्नी. त्यांच्या बिनपगारी श्रमाचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून सरकारला हा उपाय स्वस्त वाटतो. प्रेमाच्या नावाखाली राज्याने आपली जबाबदारी बायकांच्या खांद्यावर टाकायची, याला प्रेमाचा गौरव म्हणता येणार नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. भावाच्या आजाराने बहिणीच्या संसारावर येणारा ताण त्यात फार समंजसपणे दाखविला आहे. त्या चित्रपटाच्या पाठीशी उभे होते कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाला त्यांनी अनेक वर्षे साथ दिली, आणि त्या अनुभवातून पुण्यात या आजाराविषयी काम करणारी संस्था उभी करण्यास पुढाकार घेतला. अशा निष्ठेपुढे नतमस्तकच व्हावे. पण त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे की, ज्या देशात ते राहत होते तेथे आजारपणाचा खर्च सार्वजनिक विमा उचलतो. पगार बुडवून रांगेत उभे राहणाऱ्या भांडुपच्या कामगाराकडून तेवढ्याच निष्ठेची अपेक्षा करताना, त्याला तेवढाच आधार दिला आहे काय, हे विचारले पाहिजे.

आधार दिला तर काय घडू शकते, याची उदाहरणे उपनगरांतच आहेत. बोरिवलीचे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ संस्था स्थापन केली, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या, नाव-गाव हरवलेल्या मनोरुग्णांना उपचार करून त्यांच्या घरी पोचविण्याचे काम हाती घेतले. ज्यांना मेलेले समजून घरच्यांनी आशा सोडली होती, अशी माणसे दूरदूरच्या राज्यांतील उंबरठ्यांवर पुन्हा उभी राहिली. या कार्याबद्दल डॉ. वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये सुरू केलेला ‘तराशा’ प्रकल्प याच्या पुढचे पाऊल टाकतो. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या ज्या स्त्रियांना घर नाही, त्यांना राहण्याची जागा, कामाचे शिक्षण आणि नोकरी मिळवून देऊन स्वतःच्या पायावर उभे करण्याचा हा प्रयत्न आहे. या दोन्ही कामांतून एकच गोष्ट सिद्ध होते: ‘यांचे आता काही होणार नाही’ हे म्हणणे खोटे आहे. परंतु एका डॉक्टर दांपत्याने आणि एका विद्यापीठाने जे करून दाखविले ते सरकारने का करू नये, हा प्रश्न पुरस्काराच्या टाळ्यांत विरून जाता कामा नये.

उपनगरातील मध्यम आणि कष्टकरी माणसाच्या जीवनात प्रेमाचा प्रश्न हा अखेर जागेचाही प्रश्न आहे. रुग्णालयातून परतलेला मुलगा एका खोलीत आईवडील, भाऊ-भावजय आणि त्यांची मुले यांच्यासह राहतो. रात्री त्याला गॅलरीत झोपावे लागते. गोळ्यांमुळे सकाळी लवकर उठवत नाही, म्हणून बोलणी खावी लागतात. स्वतंत्र राहावयाचे तर डिपॉझिट आणि भाडे आवाक्याबाहेर. आणि पैसे असले तरी ‘त्याचे काय ते कळले’ की सोसायटीचे सभासद नाक मुरडतात. अशा माणसाला कोणी जीव लावला तरी दोघांनी बसून बोलायचे कोठे? नोकरी नाही, खोली नाही, गुपित सांगता येत नाही, अशा परिस्थितीत सोबत जुळत नाही याचे खापर आपण त्याच्या आजारावर फोडतो.

२०१७ च्या कायद्यात या दृष्टीने बरेच काही आहे. समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ घरच्यांनी टाकले किंवा राहायला जागा नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, अशी तरतूद आहे. रुग्णालय आणि घर यांच्या मधली राहण्याची ठिकाणे, म्हणजे हाफवे होम, उभारणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. पुन्हा आजारी पडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवता येते, आणि त्या काळात आपल्या वतीने कोणी बोलावे त्या व्यक्तीचे नावही लेखी देता येते. ही व्यक्ती रक्ताच्या नात्यातीलच असली पाहिजे असे बंधन नाही. ती मित्र असू शकते, मैत्रीण असू शकते. विश्वासाच्या नात्याला कायद्याने दिलेली ही मान्यता फार मोलाची आहे. पण उपनगरांतील किती कुटुंबांना ती माहीत आहे? त्याचप्रमाणे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, नोकरीत असताना मनोविकाराने दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पायरी उतरविता येत नाही. खाजगी कारखान्यातील आणि कंत्राटी कामगाराला हे संरक्षण नाही, आणि आजच्या मुंबईत बहुसंख्य कामगार तेच आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम दूरचे नाही. राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांत मनोविकारांची औषधे खंड न पडता मिळतात की नाही, याची विभागवार पाहणी करावी. बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळीही चालावा असा आग्रह धरावा, म्हणजे औषधासाठी रोजगार बुडणार नाही. प्रत्येक उपनगरात निदान एक हाफवे होम मागावे. फेरीवाला परवाने आणि पालिकेचे स्टॉल यांच्या वाटपात या आजारातून उठलेल्यांचा हक्क सांगावा. १९८५ ची ती मागणी अजून शिळी झालेली नाही. कामगार संघटनांनी आजारपणानंतर कामावर परत घेण्याचे आणि सुरुवातीस हलके काम देण्याचे कलम करारात घालून घ्यावे. वधूवर सूचक मंडळे चालविणाऱ्या आपल्या मित्रांनी खरे सांगणाऱ्याला दार बंद न करण्याची शपथ घ्यावी.

यापेक्षा सोपे, पण कदाचित अधिक अवघड, असे एक काम प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. सभेच्या शेवटी चहा घेताना ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असे कोणी म्हणाले आणि हशा पिकला, तर त्या घोळक्यात जो एक जण हसत नाही त्याच्याकडे पाहावे. कदाचित त्याची बहीण तेथून परत आली असेल. कदाचित तो स्वतःच आला असेल, आणि हे ज्यांना सांगावे असे वाटते त्या सोबत्यांतच उभा असेल. त्याला ते सांगता येईल अशी आपली सभा असली पाहिजे.